धूर विरतो, म्हणजे जातो कुठे?

कारखान्याच्या चिमणीतून निघणाऱ्या धुराकडे थोडा वेळ बघत राहा. तोंडाशी तो दाट असतो. जरा पुढे सरकला की कडा विसकटतात, लोट रुंदावतो, फिका पडतो आणि काही मिनिटांत मागे नुसतं आकाश उरतं. धूर विरला, असं आपण म्हणतो. आणि विरला म्हणजे संपला, असं मनाशी धरून चालतो.

संपत काहीच नाही. कोळशातलं गंधक जळलं की त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. या वायूच्या वजनात निम्मं वजन गंधकाचं असतं. टनभर वायू चिमणीबाहेर पडला तर अर्धा टन गंधक हवेत गेलं, आणि ते आज ना उद्या कुठेतरी खाली उतरणारच. हवेला ते पचवता येत नाही, ती ते वाहून नेते. कुठे, किती दिवसांत आणि कोणत्या रूपात उतरायचं, एवढंच काय ते ठरायचं बाकी असतं. हवेतल्या प्रदूषणाचा लांब पल्ल्याचा प्रवास म्हणतात तो हाच. तो लक्षात घेतला नाही तर आपला सगळा हिशोब चुकतो, कारण आपण चिमणीच्या आसपासच मोजमाप करत बसतो.

उंच चिमण्यांचा उपाय

हा हिशोब एकदा फार मोठ्या प्रमाणावर चुकला आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसून राहिलं. घराघरांतल्या शेगड्यांचा आणि वीजकेंद्रांचा कोळशाचा धूर थंड, निश्चल हवेत अडकला आणि हजारो माणसं दगावली. १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. शहरात धूर करण्यावर बंधनं आली, आणि त्याच काळात नवी वीजकेंद्रं शहरांपासून लांब, खूप उंच चिमण्यांसह उभी राहू लागली. त्यामागचा विचार सरळ होता. जमिनीलगतची हवा कोंडते, वरची वाहती असते, मग धूर वरच सोडावा. इतर देशही याच वाटेने गेले. कॅनडातल्या सडबरी इथे निकेल गाळणाऱ्या कारखान्याची ३८१ मीटर उंचीची चिमणी १९७२ मध्ये सुरू झाली. आयफेल टॉवरपेक्षा उंच.

उपाय लागू पडला, हे मान्य करायलाच हवं. चिमण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांची हवा सुधारली, तिथल्या झाडाझुडपांना पुन्हा पालवी फुटली. पण चिमणी कितीही उंच केली तरी तिच्यातून बाहेर पडणारं गंधक एका किलोनेही कमी होत नाही. पूर्वी जे दहा-वीस किलोमीटरांत उतरायचं ते आता शेकडो किलोमीटरांवर उतरू लागलं. जवळच्यांचा त्रास दूरच्यांच्या पदरात पडला, आणि तो कुठून आला हे दूरच्यांना कळण्याची काही सोय नव्हती. धूर अक्षरशः वाऱ्यावर सोडून दिलेला होता.

हवेच्या एका पुंजक्यामागे

वारा हे ओझं नेमकं वाहतो कसा, ते बघण्यासाठी हवेच्या एखाद्या पुंजक्याच्या मागे जाऊ. दुपारची वेळ आहे. उन्हाने जमीन तापली आहे, तिच्यालगतची हवा गरम होऊन वर चढतेय आणि वरची गार हवा तिच्या जागी खाली येतेय. ही घुसळण जमिनीपासून साधारण एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत चालते. एवढ्या जाडीच्या थराला मिश्रणथर म्हणतात. दुपारी सोडलेला धूर थोड्याच वेळात या सगळ्या थरात कालवला जातो.

सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगत दोन-तीनशे मीटर जाडीचा थंड, जड हवेचा थर बसतो आणि घुसळण थांबते. संध्याकाळनंतर खालीच सोडलेला धूर या थरात कोंडतो. हिवाळ्यात पहाटे हवा डोळ्यांना झोंबते ती त्यामुळे. पण दुपारी वर गेलेला आपला पुंजका आता या थराच्या वर राहिला आहे. त्याचा जमिनीशी संबंध तुटला आहे. झाडं, इमारती, टेकड्या वाऱ्याला खाली जो अडसर करतात, तो तिथे नाही. म्हणून खाली झाडाचं पानही हलत नसतं, तेव्हा काही शे मीटर वर वारा भरधाव वाहत असतो. सेकंदाला दहा मीटर एवढाच वेग धरला तरी दहा तासांत ३६० किलोमीटर होतात. सकाळी ऊन चढतं, घुसळण पुन्हा सुरू होते, आणि काल दुपारचा धूर आज ३६० किलोमीटरवरच्या माणसांच्या नाकातोंडात उतरतो.

त्या माणसांच्या आसपास चिमणी नसेल. मग ती कुणाकडे बोट दाखवणार? आपल्याच रस्त्यावरच्या गाड्यांकडे, आपल्याच गावात जळणाऱ्या कचऱ्याकडे. त्याचा वाटाही असतोच, पण सगळा नसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत अनेक शहरांच्या हवा सुधारण्याच्या योजनांची झाली आहे ती यामुळे. शहराच्या हद्दीत जे जे करण्यासारखं होतं ते केलं, तरी मोजणीचे आकडे एका पातळीच्या खाली उतरत नाहीत.

वाटेत आपला पुंजका बदलतही जातो, आणि या विषयाची खरी मेख इथे आहे. जे चिमणीतून वर गेलं तेच खाली येत नाही. सल्फर डायऑक्साइड उन्हात हळूहळू, आणि ढगाच्या थेंबांत शिरला तर झपाट्याने, सल्फ्युरिक आम्लात बदलतो. वाहनांमधून आणि भट्ट्यांमधून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडं नायट्रिक आम्ल होतात. खतांमधून आणि जनावरांच्या शेणामुतातून उठणारा अमोनिया या आम्लांना भेटला की अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचे घन कण तयार होतात. म्हणजे वीजकेंद्राचा वायू, गाडीचा वायू आणि शेताचा वायू, तिघे तीन ठिकाणचे, आणि त्यांच्यापासून झालेला कण चौथ्याच ठिकाणच्या फुप्फुसात जातो. तो कण कुठल्याच चिमणीतून बाहेर पडलेला नसतो. तो हवेतच जन्मलेला असतो.

या कणांचं मापही बेताचं पडलं आहे. ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान असतात. याहून बरेच मोठे कण स्वतःच्या वजनाने खाली पडतात, आणि याहून फार लहान कण इकडेतिकडे आदळून एकमेकांना चिकटतात. या मधल्या मापाच्या कणांना यातलं काहीच जमत नाही. त्यांना खाली आणतो तो मुख्यतः पाऊस. पाऊस गाठेपर्यंत ते तरंगत राहतात, सरासरी आठवडाभर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटेत एखादं मोठं वादळ आलं, तर त्यातली वर चढणारी उबदार हवा आपल्या पुंजक्याला उचलून सहा-आठ किलोमीटर उंचीवर नेते. चढताना पाऊस पडतो, बरंचसं धुऊन निघतं. जे उरतं ते जेट स्ट्रीममध्ये सापडतं. जेट स्ट्रीम म्हणजे त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा अरुंद, वेगवान पट्टा. आशियाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेल्या हवेला पॅसिफिक महासागर ओलांडून उत्तर अमेरिका गाठायला मग साधारण आठवडा पुरतो. उत्तर गोलार्धात पृथ्वीला पूर्ण फेरी घालायला दोन-तीन आठवडे लागतात. विषुववृत्त ओलांडायला मात्र वर्षभराचा काळ जातो, कारण तिथे दोन्हीकडचे वारे समोरासमोर येतात आणि पलीकडे न जाता वर चढतात.

आता पल्ल्याचं गणित सहज लक्षात येईल. जो पदार्थ हवेत जितके दिवस टिकतो, तितका तो लांब जातो. सल्फर डायऑक्साइड एक-दोन दिवस टिकतो, त्याचे कण आठवडाभर, ओझोन तीनेक आठवडे, कार्बन मोनॉक्साइड महिना-दोन महिने. पाऱ्याची वाफ कित्येक महिने टिकते, म्हणजे तिला सगळी पृथ्वी मोकळी आहे.

काचेसारखं स्वच्छ पाणी

नॉर्वे आणि स्वीडनच्या दक्षिण भागातल्या तळ्यांमधले, नद्यांमधले मासे कमी होत चालले होते. ट्राउट गेले, सामन गेले. कुठे कारखाना नाही, सांडपाणी नाही. १९६७ मध्ये स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यांनी पावसाच्या अनेक वर्षांच्या मोजण्या एकत्र मांडल्या आणि एका दैनिकात लेख लिहून सांगितलं की आपला पाऊस आम्लधर्मी होतोय आणि ते आम्ल ब्रिटनच्या आणि मध्य युरोपच्या चिमण्यांमधून येतंय. त्यांनी त्याला राष्ट्रांमधलं रासायनिक युद्ध म्हटलं. शब्द जहाल होते, आणि ते जहाल असायलाच हवे होते असं मला वाटतं. तोवर हजार किलोमीटरवरचा धूर आपल्या तळ्यात पडतो, हे कुणी मनावर घेत नव्हतं.

आम्लता मोजतात ती सामूमध्ये, म्हणजे ज्याला पीएच म्हणतात त्यात. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूसुद्धा ५.६ च्या आसपास असतो, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून थोडं आम्ल होतंच. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट झालेली असते. दक्षिण नॉर्वेत पडणाऱ्या पावसाचा सामू त्या काळात ४.३ च्या आसपास उतरला होता. म्हणजे जवळजवळ वीसपट आम्ल. स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्री इथे एप्रिल १९७४ मधल्या एका पावसाचा सामू २.४ नोंदला गेला. व्हिनेगरच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे.

आता माशाजवळ जाऊन बघू. हिवाळाभर डोंगरावर बर्फ साठतो आणि त्यासोबत त्यातलं आम्लही साठत जातं. वसंतात बर्फ वितळू लागला की पहिल्या काही दिवसांच्या पाण्यातच त्या आम्लाचा मोठा भाग वाहून येतो. चार-पाच महिन्यांची साठवण एकदम नदीत उतरते. ते पाणी ओढ्यात येण्याआधी मातीतून झिरपतं, आणि मातीतलं एरवी खनिजांमध्ये पक्कं बसलेलं ॲल्युमिनियम आम्लामुळे सुटून पाण्यात येतं. मासा हे पाणी कल्ल्यांमधून घेतो. कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांलगत आम्लता किंचित कमी असते, तिथे ॲल्युमिनियमचा चिकट थर धरतो. कल्ले बुळबुळीत स्राव सोडून तो थर हटवायला बघतात आणि स्वतःच बुजत जातात. श्वास कोंडतो. त्याच वेळी रक्तातलं मीठ कल्ल्यांवाटे पाण्यात गळू लागतं. १९७५ च्या वसंतात नॉर्वेच्या तोवदाल नदीत ट्राउट मोठ्या संख्येने मेले. शास्त्रज्ञांनी त्यांचं रक्त तपासलं तेव्हा त्यातलं मीठ असंच गळून गेलेलं आढळलं. पाणी मात्र बघायला काचेसारखं नितळ. आम्लाने मेलेलं तळं घाण दिसत नाही, उलट जास्तच स्वच्छ दिसतं, कारण त्यात वाढणारे जीवच कमी झालेले असतात.

एकच पाऊस सगळीकडे सारखा घात करत नाही, हेही इथे सांगायला हवं. तळाशी चुनखडीचा खडक असेल तर पावसातलं आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं आणि तळ्याला काही होत नाही. दक्षिण नॉर्वेत ग्रॅनाइट आहे, वर मातीचा पातळ थर. त्या मातीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळातच थोडं. वर्षानुवर्षं पडणारं आम्ल तेही धुऊन नेतं. माती ही एका अर्थाने साठवलेली पुंजी असते. पुंजी आहे तोवर नुकसान दिसत नाही, आणि ती सरली की सगळं एकदम दिसायला लागतं. तोवर धूर सोडल्याला कित्येक वर्षं झालेली असतात.

पत्ता कसा शोधतात

"हे आमच्या चिमणीतलं कशावरून?" हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायच्या वाटाही आहेत.

पहिली वाट वाऱ्याची. एखाद्या ठिकाणी प्रदूषण मोजलं की हवामानाच्या नोंदी घेऊन त्या हवेचा माग उलटा काढायचा. आज इथे असलेली हवा काल कुठे होती, परवा कुठे, कोणत्या उंचीवर. संगणकावर हे काम आता काही मिनिटांत होतं. दुसरी वाट कणांच्या जडणघडणीची. जड इंधन तेल जळलं की कणांत व्हॅनेडियम आणि निकेल सापडतं, लाकूड जळलं की पोटॅशियम, धूळ असेल तर सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम. शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण तर खाणीगणिक वेगळं असतं. ग्रीनलंडच्या बर्फात खोल खणल्यावर रोमन साम्राज्याच्या काळातल्या थरांमध्ये शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं, आणि त्यातलं बरंचसं आजच्या स्पेनमधल्या खाणींचं होतं हे त्या समस्थानिकांवरून ओळखता आलं. दोन हजार वर्षांपूर्वी चांदीसाठी धातू गाळणाऱ्या भट्ट्यांचा धूर उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जाऊन बसला, आणि आजही तिथेच आहे.

हवेच्या वाटा किती खऱ्या आहेत याचा एक भयंकर पडताळा १९८६ साली मिळाला. २६ एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सोव्हिएत सरकारने जगाला काही सांगितलं नाही. २८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीजकेंद्रात किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्राचा भोंगा वाजला. एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्गी कण होते. आधी वाटलं, आपल्याच केंद्रात गळती आहे. मग तपासल्यावर कळलं की कण बाहेरून, पावसाने ओल्या झालेल्या जमिनीवरून बुटांना लागले होते. दोन दिवसांत अकराशे किलोमीटर. वाऱ्याच्या नोंदी उलट्या वाचल्यावर बोट सोव्हिएत भूमीकडे गेलं आणि त्या संध्याकाळी मॉस्कोला अपघात कबूल करावा लागला.

आम्लवर्षेच्या बाबतीत मात्र पुराव्यानंतरही तडजोड व्हायला वेळ लागला. १३ नोव्हेंबर १९७९ रोजी जिनिव्हात सीमापार जाणाऱ्या हवेच्या प्रदूषणावर करार झाला. शीतयुद्धाचे दिवस होते ते. तरीही पूर्व आणि पश्चिम युरोप, अमेरिका, कॅनडा, सोव्हिएत संघ यांनी त्यावर सह्या केल्या. करारात सुरुवातीला कुणावर कपातीचं बंधन नव्हतं, म्हणून अनेकांनी त्याला पोकळ म्हटलं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती मोजणीची. सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने मोजायचं, आकडे एकत्र ठेवायचे आणि त्यावरून कोणत्या देशाचं किती गंधक कोणत्या देशात पडलं याचा तक्ता दरवर्षी मांडायचा. देणं-घेणं लिहिलेली वहीच ती. नॉर्वेत पडणाऱ्या गंधकाचा बहुतेक भाग बाहेरून येतो, हे त्या वहीत सगळ्यांच्या समोर लिहिलेलं होतं. एकदा वही सर्वांना मान्य झाली की वाद "आमचं नाही" यावरून "किती कमी करायचं" यावर येतो. १९८५ मध्ये हेलसिंकीत वीसेक देशांनी गंधकाचं उत्सर्जन १९८० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटवायचं कबूल केलं. ब्रिटन तेव्हा बाहेर राहिलं. १९९४ च्या ओस्लो कराराने पुढचं पाऊल टाकलं. सगळ्यांना सरसकट एकच टक्केवारी लावण्याऐवजी, कुठली माती, कुठलं तळं किती आम्ल सोसू शकतं ते आधी ठरवायचं आणि त्यावरून कुणी किती कपात करायची ते काढायचं. त्यात ब्रिटनही आलं. युरोपातलं गंधक आज १९८० च्या मानाने अगदी थोडं उरलं आहे.

धूर एवढाच नाही

गंधकाची गोष्ट सुटत आली, पण हवेतून जाणारं सगळंच तसं सुटण्यासारखं नाही. काही कीटकनाशकं आणि पीसीबीसारखी औद्योगिक रसायनं उष्ण भागात वाफ होऊन उडतात, थोडं पुढे जाऊन गारव्यात खाली बसतात, पुन्हा ऊन पडलं की पुन्हा उडतात. अशा टप्प्याटप्प्याने उड्या मारत ती ध्रुवाकडे सरकतात. तिथल्या थंडीत त्यांना पुन्हा उडता येत नाही. तिथे ती शेवाळात, शेवाळातून माशांत, माशांतून सील आणि व्हेलच्या चरबीत साठत जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात एरिक देवाई आणि त्यांचे सहकारी आयांच्या दुधातली ही रसायनं तपासत होते. तुलनेसाठी कारखान्यांपासून दूर राहणाऱ्या आया हव्यात म्हणून त्यांनी उत्तर क्वेबेकमधल्या इनुइट या मूळनिवासी लोकांतल्या स्त्रियांच्या दुधाचे नमुने घेतले. त्यांच्या दुधात पीसीबीचं प्रमाण दक्षिणेतल्या शहरी स्त्रियांच्या सुमारे पाचपट निघालं. ज्यांनी ती रसायनं कधी बनवली नाहीत, वापरली नाहीत, त्यांच्या लेकरांच्या पोटात ती जात होती. २००१ च्या स्टॉकहोम कराराने अशा बारा रसायनांवर जगभर बंदी किंवा निर्बंध आणले, पुढे यादी वाढत गेली. पाऱ्यासाठी मिनामाता करार २०१३ मध्ये झाला.

काजळीचं तसंच. ती आठवडाभरच हवेत टिकते, पण तेवढ्यात बर्फावर जाऊन बसली की पांढऱ्या बर्फाला किंचित मळवते. मळका बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. हिमालयाच्या आणि आर्क्टिकच्या बर्फावर हे घडतंय. १९९९ मध्ये हिंदी महासागर प्रयोगात जहाजं आणि विमानं घेऊन वीरभद्रन रामनाथन, पॉल क्रुट्झन आणि त्यांच्यासोबतच्या शास्त्रज्ञांनी हिवाळ्यातल्या वाऱ्यांबरोबर दक्षिण आशियातून समुद्रावर गेलेली हवा मोजली. जमिनीपासून हजारभर किलोमीटर दूर, खुल्या समुद्रावरही तीन किलोमीटर जाडीचं तपकिरी धुरकं होतं, आणि त्यामुळे समुद्रावर पोचणारा सूर्यप्रकाश घटला होता.

ओझोनकडे आपलं फारसं लक्ष जात नाही, कारण तो दिसत नाही. उंचावरचा ओझोन आपलं रक्षण करतो, जमिनीलगतचा मात्र विष आहे. तो कुणी सोडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि इंधनांच्या वाफा यांच्यापासून तो उन्हात घडतो, आणि घडायला वेळ लागतो म्हणून शहरापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या खेड्यांमध्ये बरेचदा जास्त सापडतो. पानांच्या रंध्रांतून आत शिरून तो पिकाची वाढ खुंटवतो. शेतकऱ्याला दिसतं एवढंच की दाणा भरला नाही.

नायट्रोजनही शेवटी जमिनीवर आणि पाण्यावर पडतो, आणि तिथे तो खत ठरतो. बाल्टिक समुद्रासारख्या बंदिस्त पाण्यात हवेतून आलेल्या नायट्रोजनने शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. गरीब मातीत तग धरणाऱ्या नाजूक वनस्पतींना गवत मागे सारतं.

लांबून आलेलं सगळंच वाईट असतं असं मात्र नाही. सहारातली धूळ दरवर्षी अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. उपग्रहाच्या मोजण्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार तिच्यासोबत वर्षाला सुमारे २२ हजार टन फॉस्फरस तिथे पोचतो. पावसाने धुऊन गेलेली जंगलाची झीज तेवढ्याने भरून निघते. वारा ओझं ओळखत नाही.

आणि सगळंच ओझं वारा वाहतो असंही नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००७ या वर्षात सूक्ष्म कणांमुळे झालेल्या अकाली मृत्यूंचा हिशोब मांडला होता. सुमारे साडेचौतीस लाख मृत्यू. त्यांपैकी जवळपास १२ टक्के दुसऱ्या प्रदेशातून वाऱ्याने आलेल्या प्रदूषणामुळे झाले. पण २२ टक्के मृत्यू अशा वस्तूंशी आणि सेवांशी जोडलेले होते, ज्या एका प्रदेशात बनल्या आणि दुसऱ्या प्रदेशात वापरल्या गेल्या. वाऱ्याने जितकं प्रदूषण सीमेपार गेलं, त्याहून मोठा भार मालाच्या मागणीने सीमेपलीकडे टाकला. माझ्या मते कुठल्याही देशाने शेजाऱ्याच्या धुराबद्दल तक्रार करताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायला हवेत.

पुन्हा नॉर्वेकडे येऊ. पावसातलं गंधक घटलं, सामू वर चढला. पण मातीतलं धुऊन गेलेलं कॅल्शियम परत आलेलं नाही. खडक झिजून ते तयार होतं, आणि ग्रॅनाइट फार सावकाश झिजतो. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक जंगलातही हेच आढळलं, म्हणून तिथे १९९९ मध्ये हेलिकॉप्टरने कॅल्शियमचं खनिज शिंपून पाहिलं गेलं. दक्षिण नॉर्वेत नद्यांच्या काठी चुनखडीच्या भुकटीने भरलेले उंच हौद उभे आहेत. पाणी वाढलं, आम्लता वाढली की त्यांतून भुकटी नदीत सोडली जाते. मंदाल नदीत हे काम १९९७ पासून चालू आहे. तिथे सामन मासे परत आले आहेत, अंडी घालतायत. ज्या चिमण्यांमुळे ते गेले होते त्यातल्या कित्येक आता बंद आहेत, काही पाडून टाकल्या आहेत. हौद मात्र अजून भरावे लागतात.